वेज घेण्यापूर्वी: बाउन्स आणि ग्राइंड कोणत्या क्रमाने ठरवावेत

गोल्फमध्ये वेज, म्हणजे ग्रीनजवळच्या लहान फटक्यांचा क्लब, विकत घेणारे बहुतेक खेळाडू दुकानात गेल्यावर आधी लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या सपाट भागाचा, म्हणजे फेसचा, तिरपेपणा) सांगतात, मग रंग आणि फिनिश पाहतात, आणि बाउन्स दुकानात जो उपलब्ध असेल तो घेऊन घरी येतात. दोन-तीन महिन्यांनी तोच वेज कधी जमिनीत रुततो, कधी चेंडूच्या पोटावर आदळून त्याला ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पलीकडे सपाट पळवतो, आणि दोष मात्र मनगटांना दिला जातो. अशा वेळी चूक पुष्कळदा निवडीच्या क्रमात असते. आधी स्वतःचा फटका, मग जमीन आणि वाळू, त्यानंतर लॉफ्टमधील अंतरे, मग बाउन्स, मग ग्राइंड आणि शेवटी गवतावरची चाचणी, हा क्रम पाळल्यास बाजारातल्या डझनभर पर्यायांतून सहसा दोन किंवा तीनच शिल्लक राहतात.

सुरुवातीला: हे दोन शब्द नेमके काय सांगतात

वेज जमिनीवर शाफ्ट (दांडा) उभा सरळ धरून टेकवला की त्याची पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, जमिनीपासून किंचित वर राहते आणि तळाचा मागचा भाग टेकलेला असतो. पुढच्या कडेपासून तळाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचा हा उतार जमिनीशी जो कोन करतो, तो बाउन्स. साधारणपणे ४ ते ६ अंश म्हणजे कमी, ७ ते १० अंश म्हणजे मध्यम आणि त्यापुढे जास्त बाउन्स मानला जातो. बाउन्स जितका जास्त, तितका तळ मातीत किंवा वाळूत घुसण्याऐवजी तिच्यावरून सरकतो.

ग्राइंड म्हणजे याच तळाचा टाचेकडचा, टोकाकडचा किंवा मागच्या कडेचा काही भाग घासून काढून त्याला दिलेला आकार. बाउन्स हा एक आकडा आहे, तर तो आकडा फेस सरळ असताना किती जाणवेल आणि फेस उघडल्यावर, म्हणजे आभाळाकडे वळवल्यावर, किती जाणवेल, हे ग्राइंड ठरवतो. म्हणून ग्राइंडचा विचार बाउन्सच्या नंतर येतो, आधी नाही.

टप्पा १: स्वतःचा फटका जमिनीवर वाचून घ्यावा

यासाठी रांगोळी पुरते. सरावाच्या गवतावर, क्लबची परवानगी घेऊन, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात सुमारे तीन फूट लांबीची सरळ रेघ ओढावी. रेघ दोन पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहावे आणि जुन्या वेजने चेंडूशिवाय दहा वेळा स्विंग करावा. प्रत्येक वेळी रेघेवरच थोडे पुढे सरकावे, म्हणजे डिव्हॉट (फटक्याने गवत उखडून पडलेले खड्डे) एकमेकांत मिसळणार नाहीत. त्यानंतर रेघेवर चेंडू ठेवून आणखी दहा फटके मारावेत.

आता गुडघ्यावर बसून प्रत्येक डिव्हॉट जवळून पाहावा. पहिला प्रश्न, तो रेघेच्या कोणत्या बाजूला सुरू होतो? रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू होत असेल तर ठीक आहे. दुसरा प्रश्न, तो किती खोल आहे? गवताचा कांद्याच्या पापुद्र्याइतकाच थर निघाला असेल, किंवा गवत केवळ झोपले असेल, तर फटका उथळ आहे. खड्ड्यात बोटाचे पहिले पेर सहज बुडत असेल, तर फटका तीव्र उताराने खाली येतो. उथळ फटक्याच्या खेळाडूला कमी किंवा मध्यम बाउन्स मानवतो, तर खोल डिव्हॉट काढणाऱ्याला जास्त बाउन्सचा आधार लागतो.

हीच कृती तीस यार्डांच्या पिचसाठी (ग्रीनकडे उंच मारलेल्या लहान फटक्यासाठी) वेगळी करावी. पूर्ण स्विंगमध्ये खोल जाणारे कित्येक खेळाडू लहान फटक्यात उथळ असतात. वेजचा खरा उपयोग लहान फटक्यांत होतो, त्यामुळे दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

तिसरा पुरावा जुन्या वेजच्या तळावर असतो. तो पुसून उजेडात तिरपा धरावा. पुढच्या कडेजवळचा भाग अधिक झिजलेला असेल, तर तुम्ही वेज पुढच्या कडेवर आणत आहात, म्हणजे हात बरेच पुढे झुकलेले असतात. मागच्या भागात झीज असेल तर फटका उथळ आहे. सगळी झीज टाचेकडे असेल तर बाउन्सचा विचार थोडा थांबवून लाय अँगलकडे (शाफ्ट आणि तळ यांमधल्या कोनाकडे) पाहावे लागेल. ते सातव्या टप्प्यात येईल.

*तपासणी:* मोबाइल हाताच्या उंचीवर समोर ठेवून संथगतीत एक चित्रफीत घ्यावी आणि चेंडूला वेज लागतो त्या क्षणी ती थांबवावी. शाफ्ट लक्ष्याकडे साधारण जितके अंश झुकलेला असतो, तितके अंश बाउन्समधून वजा होतात. १० अंश बाउन्सचा वेज ६ अंश झुकवून मारणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात ४ अंशांचाच उरतो. तळावर कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष वापरात येणारा आकडा यांतला हा फरक लक्षात न घेणे ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक आहे.

*इशारा:* डिव्हॉट सातत्याने रेघेच्या मागे सुरू होत असेल, तर आधी प्रशिक्षकाकडे जावे. जास्त बाउन्स त्या दोषाचे परिणाम थोडे सौम्य करतो, दोष मात्र तसाच राहतो.

टप्पा २: जमीन आणि वाळू, तीही वर्षभराची

परदेशी पुस्तिकांत जमिनीचे वर्णन मऊ किंवा कठीण अशा एका शब्दात संपते. दख्खनच्या पठारावर खेळणाऱ्याला एकाच मैदानावर दोन्ही मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी मिळालेला फेअरवे (खेळाचा कापलेला मुख्य पट्टा) इतका घट्ट होतो की अंगठ्याने टी (चेंडू ठेवण्याची खुंटी) आत जात नाही. जुलैमध्ये त्याच जागी काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि वेजच्या तळाला चिकटून बसते.

मी स्वतः एकदा मे महिन्यात, सकाळच्या कोरड्या फेअरवेवर मारून पाहून, ४ अंश बाउन्सचा ६० अंशी वेज घेतला होता. त्या महिन्यात घट्ट जमिनीवरून त्याने इतके स्वच्छ चिप (ग्रीनजवळचे छोटे, बुटके फटके) मारले की जुना वेज मी पिशवीतून काढूनच टाकला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ग्रीनपासून वीस यार्डांवर, त्याची पुढची कड चेंडूच्या दोन बोटे मागे ओल्या मातीत शिरली आणि तिथेच थांबली. चेंडू जेमतेम हातभर पुढे गेला. वेज चांगलाच होता, पण मी तो वर्षातल्या दोन महिन्यांसाठी निवडला होता.

पावसाळ्याची दुसरी बाजू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दिसते, आणि तिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. पावसाने माती मऊ होते, पण वाळू दबून घट्ट होते. म्हणजे जुलैमध्ये फेअरवेवर जास्त बाउन्स हवा असतो आणि त्याच फेरीत, दबलेल्या ओल्या वाळूत, कमी बाउन्स हवा असतो. तिथे जास्त बाउन्सचा तळ वाळूवर आदळून उसळतो आणि पुढची कड थेट चेंडूवर येते. उन्हाळ्यात हे चित्र उलटे होते. घट्ट फेअरवेवर कमी बाउन्स चालतो, तर कोरड्या, भुसभुशीत वाळूत जास्त बाउन्स लागतो. एकाच वेजने या चारही गरजा भागत नाहीत, आणि म्हणूनच पुढे दोन वेजचा बाउन्स मुद्दाम वेगळा ठेवायचा आहे.

नोंद कशी करावी? वहीत तीन ओळी पुरतात. टी अंगठ्याने सहज जाते, जोर लावावा लागतो की जातच नाही. बंकरमध्ये पाऊल किती बुडते. आणि ग्रीनभोवतीचे गवत कापलेले, तोकडे आहे की चेंडू त्यावर तरंगतो. कोकणात किंवा गोव्यात पाणी लवकर निचरणाऱ्या जांभ्या जमिनीवर खेळणाऱ्याची वही पुण्याच्या खेळाडूपेक्षा वेगळी दिसेल. स्कॉटलंडच्या वाळूमय लिंक्सवर (समुद्रकाठच्या मैदानांवर) खेळणाऱ्याला बहुतांश घट्ट, तोकडे गवत मिळते, तर इंग्लंडमधील चिकणमातीच्या पार्कलँड मैदानांवर हिवाळ्यात जमीन मऊ असते. जिथे वर्षातल्या सर्वाधिक फेऱ्या होतात, त्या मैदानाची नोंद धरावी. सहलीत एकदा खेळलेल्या मैदानासाठी वेज घेऊ नये.

टप्पा ३: लॉफ्टमधील अंतरे भरून काढावीत

हा टप्पा लवकर आटोपतो, पण तो वगळता येत नाही. आपल्या पिचिंग वेजचा (संचातल्या सर्वांत कमी लॉफ्टच्या वेजचा) लॉफ्ट किती आहे ते आधी शोधावे. जुन्या संचांत तो ४७-४८ अंश असे. हल्लीच्या अनेक संचांत तो ४३ ते ४५ अंशांपर्यंत खाली आला आहे. अशा ४४ अंशी पिचिंग वेजनंतर थेट ५६ अंशी वेज ठेवला तर मध्ये १२ अंशांची पोकळी पडते, आणि नेमके त्याच अंतरावरचे फटके अर्धवट ताकदीने मारावे लागतात. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचे अंतर ठेवावे. ४४ नंतर ५०, ५५ आणि ६०, किंवा तीनच वेज ठेवायचे असल्यास ४४ नंतर ५० आणि ५६, अशी मांडणी चालते. नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लबच ठेवता येतात, म्हणून चौथा वेज घेताना कोणता क्लब बाहेर जाणार हे आधी ठरवावे.

*तपासणी:* ६० अंशी वेज खरोखर हवा आहे का? मागील दहा फेऱ्यांत उंच, लगेच थांबणारा चेंडू किती वेळा अपरिहार्य होता ते आठवावे. असे प्रसंग क्वचितच आले असतील तर ५८ अंशी वेज अधिक क्षमाशील ठरतो.

टप्पा ४: प्रत्येक वेजला त्याचा बाउन्स

पिचिंग आणि ५० अंशी गॅप वेजबद्दल फार चिंता करू नये. ते बहुतेक वेळा पूर्ण स्विंगने, सरळ फेसने मारले जातात. ८ ते १० अंशांचा मध्यम बाउन्स आणि पूर्ण तळ पुरेसा होतो. खरा विचार सँड वेज (५६ अंशी) आणि लॉब वेजचा (६० अंशी) आहे.

खोल डिव्हॉट काढणाऱ्या आणि वर्षभर दख्खनात खेळणाऱ्या खेळाडूने ५६ अंशी वेज १२ ते १४ अंश बाउन्सचा घ्यावा आणि ६० अंशी वेज ८ ते १० अंशांचा. त्यामुळे कोरडी वाळू आणि पावसाळी फेअरवे ५६ अंशी वेज सांभाळतो, तर घट्ट जमीन आणि दबलेली वाळू ६० अंशी वेजकडे जाते. उथळ फटक्याच्या खेळाडूने ५६ अंशीला ८ ते १० आणि ६० अंशीला ४ ते ८ अंशांच्या दरम्यान शोधावे. ज्याच्या नोंदी दोन्हींच्या मध्ये पडतात, त्याने ५६ अंशीला १० अंश आणि ६० अंशीला ८ अंश धरून पुढच्या टप्प्यात ग्राइंडवर लक्ष द्यावे.

बाउन्ससोबत तळाची रुंदी पाहावी. रुंद तळाचा १० अंशी बाउन्स अरुंद तळाच्या १० अंशांपेक्षा जास्त आधार देतो. तळाचा पुढून मागे असलेला गोलवाही फरक पाडतो. म्हणून दोन कंपन्यांच्या वेजवर सारखाच आकडा असला, तरी ते सारखे वागतील असे गृहीत धरू नये.

*इशारा:* ‘कमी बाउन्स चांगल्या खेळाडूंसाठी असतो’ या समजुतीवर वेज घेऊ नये. व्यावसायिक खेळाडूंच्या पिशवीतही जास्त बाउन्सचे वेज असतात, कारण तेही आपल्या फटक्याला आणि त्या आठवड्याच्या मैदानाला अनुसरून निवड करतात.

टप्पा ५: ग्राइंड, आणि काचेच्या काउंटरवरची परीक्षा

आता एकच प्रश्न स्वतःला विचारावा: मी फेस किती वेळा उघडतो? फेस उघडला की लॉफ्टबरोबर प्रत्यक्ष बाउन्सही वाढतो आणि पुढची कड जमिनीपासून वर उचलली जाते. जो खेळाडू बंकर वगळता जवळजवळ कधीच फेस उघडत नाही, त्याला पूर्ण तळाचा साधा ग्राइंड सर्वांत उपयोगी पडतो. घासून काढलेल्या टाचेचे पैसे त्याने देण्याचे कारण नाही. जो ग्रीनभोवती सतत फेस उघडतो-मिटतो, त्याला टाच आणि मागची कड घासलेला ग्राइंड हवा, म्हणजे फेस उघडूनही पुढची कड खाली बसते.

दुकानात हे डोळ्यांनी पाहता येते. वेज काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर सरळ फेसने टेकवावा आणि पुढच्या कडेखाली एक रुपयाचे नाणे सरकवून पाहावे. मग बंकरमध्ये उघडता तितकाच फेस उघडावा आणि पुन्हा नाणे सरकवावे. पूर्ण तळाच्या वेजखाली दुसऱ्या वेळी नाण्यावर आणखी एखादे नाणे मावेल. टाच घासलेल्या वेजखाली फट फारशी वाढलेली दिसणार नाही. तिसऱ्या वेळी, चेंडू पायांच्या पातळीखाली असताना धरता तसे हात खाली आणून पाहावे. ही दोन मिनिटांची परीक्षा कंपन्यांच्या ग्राइंडच्या अक्षरांच्या यादीपेक्षा जास्त सांगते.

अक्षरांविषयी एक गोष्ट मात्र माहीत हवी. टायटलिस्टच्या वोकी वेजवर लॉफ्ट, बाउन्स आणि ग्राइंडचे अक्षर कोरलेले असते, ‘५६.१०एस’ म्हणजे ५६ अंश लॉफ्ट, १० अंश बाउन्स आणि एस ग्राइंड. त्यांच्याकडे एफ हा पूर्ण तळाचा, के हा रुंद तळाचा, एम हा टाच, टोक आणि मागची कड घासलेला, तर टी अतिशय सडपातळ. टेलरमेड एलबी, एसबी आणि एचबी अशी अक्षरे वापरते, म्हणजे कमी, मानक आणि जास्त बाउन्स. क्लीव्हलँडच्या आरटीएक्स मालिकेत लो, मिड आणि फुल अशी सरळ नावे आहेत. पिंग आणि कॅलवे यांचीही स्वतःची अक्षरे आहेत, आणि एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या एससारखा नसतो. अक्षर सांगून ऑनलाइन मागणी करताना कंपनी बदलली, तर तळाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डावखुऱ्या खेळाडूंना अनेक मालिकांत मोजकेच ग्राइंड मिळतात. त्यांनी आधी उपलब्ध ग्राइंडची यादी मागवावी आणि त्यानुसार चौथ्या टप्प्यातील आकडा थोडा सैल करावा.

टप्पा ६: गवतावर आणि वाळूत तुलना

*इशारा, आणि तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आहे:* मॅटवर (सरावाच्या कृत्रिम गवतावर) वेज निवडू नये. मॅटवर चेंडूच्या मागे पडलेला वेजही घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो, त्यामुळे तिथे जवळजवळ प्रत्येक बाउन्स चांगला वाटतो. बंदिस्त खोलीतले लॉन्च मॉनिटर अंतर आणि स्पिन उत्तम दाखवते, पण तळ मातीत कसा शिरतो हे ते दाखवत नाही.

सारख्या लॉफ्टचे, वेगळ्या बाउन्सचे किंवा ग्राइंडचे दोन वेज उसने मिळवावेत, मग ते डेमो असोत वा मित्राचे. तळावरचे आकडे पट्टी लावून झाकावेत आणि सोबत्याला किंवा कॅडीला एकामागून एक हातात द्यायला सांगावे. पाच ठिकाणी, प्रत्येक वेजने पाच-पाच चेंडू मारावेत: फेअरवे, जवळजवळ उघडी घट्ट जमीन, रफ (वाढलेले गवत), कोरडी वाळू आणि पाणी शिंपडून दाबलेली वाळू. सोबत्याने प्रत्येक फटक्यापुढे ‘स्वच्छ’, ‘मागे’ किंवा ‘पोटावर’ एवढेच लिहावे.

निकाल वाचताना उत्तम फटक्यांकडे दुर्लक्ष करावे. चांगला लागलेला चेंडू कोणत्याही वेजने छान जातो. पंचवीसपैकी जे वाईट फटके आहेत ते कुठे थांबले, हे मोजावे. एका वेजचा वाईट फटका ग्रीनच्या कडेला थांबत असेल आणि दुसऱ्याचा जागच्या जागी रुतत असेल किंवा पलीकडच्या बंकरमध्ये जात असेल, तर पहिला घ्यावा, मग हातात कोणताही छान वाटला तरी.

*तपासणी:* सर्व वाईट फटके ‘पोटावर’ असतील आणि तेही घट्ट जमिनीवर, तर बाउन्स जास्त होतो आहे. सर्व ‘मागे’ असतील आणि वेज रुतत असेल, तर तो कमी पडतो आहे. दोन्ही प्रकार सारखेच असतील, तर बाउन्स बदलण्याआधी पहिल्या टप्प्यातील रेघ पुन्हा ओढावी.

टप्पा ७: लॉफ्ट वाकवणे, लाय आणि शाफ्ट

हवा तो लॉफ्ट मिळाला नाही की दुकानदार वेज वाकवून देण्याची तयारी दाखवतात. यात एक हिशेब दडलेला असतो. लॉफ्ट १ अंशाने कमी केला की बाउन्सही १ अंशाने कमी होतो. वाढवला की वाढतो. ५४ अंश लॉफ्ट आणि १० अंश बाउन्सचा वेज ५२ अंशांवर आणला की बाउन्स ८ अंश उरतो. म्हणजे चौथ्या टप्प्यात केलेले काम दोन मिनिटांत बदलून जाते. वाकवायचेच असेल तर बदललेला बाउन्स धरून मूळ वेज निवडावा, आणि २ अंशांपलीकडे जाऊ नये.

लाय अँगलसाठी चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढावी, ती वेजच्या फेसकडे ठेवून फटका मारावा आणि फेसवर उमटलेला ठसा पाहावा. ठसा उभा असेल तर लाय बरोबर आहे. तो तिरपा असेल तर वेज टाचेवर किंवा टोकावर टेकतो आहे, आणि जास्त लॉफ्टच्या क्लबमध्ये त्यामुळे चेंडूची दिशा अधिक बिघडते. पहिल्या टप्प्यात टाचेकडची झीज ज्यांना दिसली होती, त्यांनी ही चाचणी चुकवू नये. शाफ्ट आयर्नच्या शाफ्टइतका किंवा थोडा जड ठेवावा. आयर्नमध्ये हलका ग्रॅफाइट आणि वेजमध्ये जड स्टील असा मोठा फरक पडल्यास लहान फटक्यांची लय बिघडते.

वापरलेला वेज घेताना फेसवरच्या खाचांवरून नख फिरवावे. नख अडकत नसेल तर स्पिन गेलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळ पाहावा, कारण खूप झिजलेल्या किंवा आधीच्या मालकाने ग्राइंडरवर घासलेल्या तळाचा बाउन्स आता कोरलेल्या आकड्याइतका राहिलेला नसतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत रॉ फिनिशचा (मुलामा न दिलेला) वेज लवकर गंजतो. त्याने खेळात बाधा येत नाही, परंतु ओल्या फेरीनंतर तो कोरड्या फडक्याने पुसूनच पिशवीत ठेवावा.

वेज घेतल्याची तारीख आणि सहाव्या टप्प्यातील आकडे वहीत लिहून ठेवावेत. वेज उन्हाळ्यात घेतला असेल तर जुलैच्या पहिल्या ओल्या आठवड्यात, आणि पावसाळ्यात घेतला असेल तर एप्रिलमध्ये, हेच पंचवीस चेंडू त्याच पाच ठिकाणी पुन्हा मारून पाहावेत.